दगडाने पाहिलेलं शेवटचं ऊन

प्रवाळ बेटांचा धडा वृषालीबाई दर वर्षी संक्रांतीच्या आसपास घेत. फळ्यावर पांढऱ्या खडूने एक गोल काढायचा, बाहेर गडद निळा समुद्र, आत फिकट निळं उथळ पाणी, मधोमध हिरवा डोंगर, आणि मुलांना सांगायचं की हे असं बशीसारखं असतं. कराडच्या शाळेत त्यांनी जन्मभर ती बशी काढली. स्वतः बाईंची मजल गणपतीपुळ्याच्या पुढे गेली नव्हती. मुलांनी कधी विचारलं नाही, बाईंनीही आपणहून सांगितलं नाही.

आता निवृत्तीनंतर त्या खरोखरच त्या बशीत येऊन बसल्या होत्या. ओलोमे बेटाभोवतीचं पाणी इतकं नितळ होतं की होडीची सावली तळाच्या वाळूवरून सोबत चालत होती. खारफुटीच्या जाळीतून होडी वळली आणि समोर केलेमार हे जुनं दगडी शहर उभं राहिलं. वृषालीबाईंच्या तोंडून नुसता "अगं बाई!" एवढाच उद्गार निघाला.

समुद्रातून भिंती वर आल्या होत्या. काळ्या दगडाचे लांबच लांब खांब, कुणी चुलीसाठी सरपण रचावं तसे, एक थर उभा, एक थर आडवा. चुना नाही, माती नाही, नुसते एकावर एक. भिंतींच्या मधून गल्ल्यांसारखे पाण्याचे पाट गेले होते, आणि त्या पाटांच्या कडेने असे भिंतबंद चौक एकामागून एक, नजर जाईल तिथवर. एकेक खांब दहा म्हशींनीही हलला नसता. हे सगळं आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी भरतीच्या पाण्यात उभं राहून रचलं होतं.

आणि दगड कुठला, तर आपलाच काळा पाषाण! ज्वालामुखीचा बेसॉल्ट. सह्याद्री ज्याचा झाला, कराडच्या घाटाच्या पायऱ्या ज्याच्या आहेत, तोच. एवढ्या लांब येऊन माहेरचं माणूस भेटावं तसं बाईंना झालं. त्यांनी हात पुढे केला.

"आई, हात लावू नकोस," ओवी होडीच्या पुढच्या टोकावरून मागे न बघताच म्हणाली.

ओवी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. पुण्याच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. शिक्षणासाठी म्हणून अठराव्या वर्षी घराबाहेर पडली ती पाहुणी म्हणूनच परत येत राहिली. फोन रोज असे, पण "जेवलीस का?" आणि "हो" यापलीकडे जात नसे. गेल्या वर्षी ओवीचे वडील, मकरंदराव, गेले. तेव्हापासून तर "हो" सुद्धा तोकडा झाला होता. या मोहिमेत मदतनीस म्हणून एक माणूस नेता येतं असं कळल्यावर वृषालीबाईंनी हट्टच धरला. बेट बघायचं होतं हे खरं, पण त्याहून लेकीबरोबर चार दिवस एका छपराखाली राहायचं होतं. बेटावर येऊन आठवडा झाला तरी लेक मात्र "आई, तिथे उभी राहू नकोस" आणि "आई, त्या वायरवर पाय देऊ नकोस" एवढंच बोलत होती.

ओवीचं यंत्र होतं छायावाचक. ते निघालं दोन हजार पंचावन्न साली आणि दोन वर्षांत जगाला त्याने वेड लावलं.

त्यामागची गोष्ट वृषालीबाईंना पाठ होती, कारण त्यांनी ती शेजारपाजारी अनेकदा सांगितली होती. दगडात फेल्डस्पार नावाचे बारीक स्फटिक असतात. आजूबाजूच्या मातीत आणि खुद्द दगडात जो सूक्ष्म किरणोत्सर्ग चालू असतो, त्याने स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि स्फटिकाच्या खाचखळग्यांत अडकून बसतात. काळोखात ते तिथेच साठत राहतात, शतकानुशतकं. ऊन लागलं की सुटतात, आणि सुटताना कणभर उजेड टाकतात. त्यामुळे दगडाने शेवटचं ऊन कधी पाहिलं हे मोजता येतं. इथवरची युक्ती जुनीच होती.

ओवीच्या गटाने एक पाऊल पुढे टाकलं. समजा, कुणी दगड फोडला. त्याचं ताजं तोंड थोडा वेळ उन्हात राहिलं आणि मग त्यावर दुसरा दगड बसला. जिथे ऊन पडलं तिथले खळगे रिकामे झाले. पण त्या वेळी एखादा माणूस तिथे उभा असेल, तर त्याच्या सावलीखालचे खळगे भरलेलेच राहिले. वरचा दगड बसला आणि ती सावली आत कोंडली गेली. दोन दगडांच्या सांध्यात, मिट्ट काळोखात, हजार वर्षंसुद्धा. छायावाचक तो सांधा काळोखातच उघडून, रेषेरेषेने दगड चाचपून ती सावली पडद्यावर काढत असे.

गोम एकच. वाचायचं म्हणजे ते अडकलेले इलेक्ट्रॉन सोडवायचे. चित्र पडद्यावर आलं की दगड कोरा. एक दगड एकदाच वाचता येतो, दुसऱ्यांदा ब्रह्मदेवालाही नाही.

हे कळल्यावर लोकांनी शहाणपणाने वागायला हवं होतं, पण लोक ते लोकच. गावोगाव जोती उकरली गेली, बुरुजांचे दगड रातोरात नाहीसे झाले. साताऱ्याकडच्या एका गृहस्थाने खापरपणजोबांना बघायचं म्हणून घरची बांधीव विहीर पाडली, आणि पडद्यावर आलं बैलाचं एक शिंग. आता त्यांच्या दिवाणखान्यात तेच शिंग चौकटीत लावलेलं आहे म्हणतात. शेवटी सरकारांना कायदे करावे लागले. केलेमारसाठी परवानगी मिळाली ती एका दगडाची, आणि तीही सरकारने नव्हे, तेलुआआजींनी दिलेली.

तेलुआआजी म्हणजे केलेमारच्या राखणदार. त्यांच्या घराण्याकडे हे काम किती पिढ्या होतं ते त्यांनाही सांगता येत नसे. ऐंशीच्या पुढचं वय, काटक बांधा, आणि समोरच्याकडे बघायची पद्धत अशी की शाळेत पन्नास पोरांना धाकात ठेवणाऱ्या वृषालीबाईही पदर सारखा करू लागत. दोघींमध्ये बोलणं होई ते कानातल्या दुभाष्या यंत्रामार्फत. ते यंत्र अर्थाला पक्कं होतं, पण त्याचं मराठी आकाशवाणीच्या बातम्यांसारखं होतं.

दगड उघडायच्या आदल्या दिवशी आजींनी दोघींना आपल्या घरी जेवायला बोलावलं होतं. केळीच्या पानावर भाजलेला मासा आणि अळूचा उकडलेला कंद वाढला होता.

"हे शेवटचे अळू आहे," आजी म्हणाल्या. "शेतांत समुद्राचे पाणी शिरले. पुढच्या हंगामात आम्ही सर्व जण बेट सोडून दक्षिणेकडच्या मोठ्या देशात जाणार आहोत. काही वर्षांनी केलेमारसुद्धा पाण्याखाली जाईल."

वृषालीबाईंनी हातातला घास पानावर परत ठेवला. बुडणाऱ्या बेटांचाही एक धडा होता. त्यावर हमखास प्रश्न येई आणि मुलं तो पर्यायाला टाकत.

"मग आजी, आत्ताच हा दगड का उघडायचा?" त्यांनी विचारलं.

आजींनी माशाचा काटा बाजूला ठेवला. "आमची कथा सांगते की दगड उडत आले. जादूगारांनी हाक मारली आणि ते येऊन बसले. कथेत दगडाला कोणाचाही हात लागत नाही, म्हणून आम्हीही लावत नाही. माझ्या आईने लावला नाही, मीही नाही. मग बाहेरचे लोक आले. त्यांनी भिंती मोजल्या आणि आम्हाला पाहिले. ते म्हणाले, हे तुमच्यासारख्यांना जमणे शक्य नाही, कोणीतरी दुसरे येऊन बांधून गेले असावेत. आमच्या कथेत माणूस नाही, त्यामुळे आम्हाला उत्तर देता आले नाही." त्यांनी ओवीकडे पाहिलं. "नव्या देशात आमच्या मुलांना विचारतील, तुम्ही कोण? जाण्यापूर्वी मला एकदा पाहायचे आहे. राजा नको. आमचा एक माणूस, फक्त एक."

परतताना होडीत ओवी पहिल्यांदा आपणहून बोलली. "आई, आत जी समाधी आहे ना, तिचा वरचा थर सगळ्यात शेवटी रचलेला आहे. काम संपलं म्हणजे माणसं थांबतात, जमतात. सावली असली तर तिथेच असेल." आणि मग अगदी लहानपणीच्या आवाजात, "काही निघालं नाही तर मी त्यांच्याकडे बघू कशी गं?"

बाईंना लेकीच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण ओवी लगेच यंत्राच्या पेटीशी खटपट करू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामाला सुरुवात झाली. समाधी सगळ्यात आतल्या चौकात होती. तिच्यावर काळ्या कापडाचा दुहेरी तंबू उभारला होता. एक पडदा सारून आत जायचं, तो बंद करायचा, मगच दुसरा उघडायचा. आत एक तांबडा दिवा मिणमिणत होता, पूर्वी फोटो धुवायच्या खोलीत असे तसा. बेटावरचे लोक चौकाबाहेर होड्यांत बसून होते. दगडाला हात लावायचा नाही म्हणून कुणीच आत आलं नव्हतं. यंत्राच्या जॅकने वरची फरशी तसूतसूने उचलली. खालचा दगड उघडा पडला तेव्हा तंबूत ओलसर, थंड वास पसरला. आठशे वर्षं बंद असलेली हवा ती.

तांबड्या उजेडात तो दगड सपाट दिसत होता, देव्हाऱ्यातल्या चौरंगाएवढा.

"सगळं नीट आहे," ओवी कुजबुजली. "मी आजींना घेऊन येते. वाचताना त्या समोर हव्यात. आई, तू इथेच बस. टॉर्च लावायचा नाही, फोन काढायचा नाही."

"बरं."

ओवी गेली. चौक ओलांडून, पाटाच्या कडेने जाऊन परत यायचं म्हणजे तिला वेळ लागणार होता. वृषालीबाई दगडासमोर मांडी घालून बसल्या.

आता पुढे जे झालं त्याला मूर्खपणा म्हणावं तर बाई मूर्ख नव्हत्या. बाहेर सूर्य मावळत होता, पडद्याच्या फटीतून नाही पण अंगाला ते कळत होतं. तिन्हीसांज. एवढ्या वर्षांत एकही तिन्हीसांज त्यांनी दिव्याशिवाय जाऊ दिली नव्हती, मकरंदराव गेले त्या दिवशीसुद्धा. समोर कुणा अनोळखी माणसाची समाधी, तिच्यापुढे आठशे वर्षांत कुणी हात जोडले नाहीत, आणि आता ती काळोखात. त्यांच्या पिशवीत छोटं निरांजन, तुपात भिजवलेल्या फुलवातींची डबी आणि काडेपेटी होती. त्याशिवाय त्या कुठे जातच नसत. टॉर्च नको, फोन नको, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण टॉर्च म्हणजे उजेड, निरांजन म्हणजे देवाचं. शिवाय ओवीचा तांबडा दिवा चालतो, तर ही एवढीशी तांबूस ज्योत का चालू नये? बाईंनी शाळेत शिकवावं तसा मनातल्या मनात मुद्दा सिद्ध केला आणि काडी ओढली.

निरांजन त्यांनी दगडाच्या उजव्या कडेशी ठेवलं. मग दोन्ही तळवे दगडावर टेकले आणि कपाळ टेकवलं. दगड गार होता. तुम्ही कोण होता ते आम्हाला माहीत नाही, त्यांनी मनात म्हटलं, पण तुमची लेकरं बाहेर बसली आहेत, त्यांना एकदा दिसा. मग मकरंदरावांची आठवण आली, आणि ती आली की लवकर जात नसे. वात तडतडून विझली तेव्हाच त्यांनी डोकं वर काढलं.

ओवी आत आली, दोन पावलांवर थांबली, आणि तिने श्वास ओढला.

"तुपाचा वास कसला येतोय?"

वृषालीबाईंनी निरांजनाकडे बोट दाखवलं. ओवीच्या चेहऱ्यावरचा रंग तांबड्या उजेडातही उडालेला कळला.

"आई! काय केलंस तू हे?"

"अगं, टॉर्च नाही लावला. निरांजन होतं. तुझा तांबडा दिवा चालतो, म्हणून म्हटलं..."

"माझा दिवा खास बनवलेला आहे! त्यातून तांबड्याच्या पलीकडचं काही निघत नाही. ज्योतीत उजेड कमी असतो, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात ना, उष्णतेचे, ते नुसते भसाभसा बाहेर पडतात. आणि फेल्डस्पार नेमका त्यांनीच रिकामा होतो! मी यंत्रात वाचायला तेच वापरते, आई. तू... तू दगड वाचून टाकलास, आणि ते बघायला पडदा नव्हता." तिचा आवाज फाटला. "एवढीच एक गोष्ट सांगितली होती. नुसतं बस म्हटलं होतं!"

वृषालीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. आठशे वर्षं जे टिकलं, वादळांत टिकलं, ते आपण एका फुलवातीने पुसलं.

ओवी थोडा वेळ दोन्ही हातांनी डोकं धरून उभी राहिली. मग हळू आवाजात, भराभर बोलू लागली. "आजी पाटाशी होडीतून उतरतायत. ऐक. काही बोलायचं नाही. दगडात काही निघालं नाही, असं सांगू. होतं तसं, निम्म्याहून जास्त दगड कोरेच निघतात. कुणाचा दोष नाही."

हे ऐकून बाईंना एका क्षणासाठी सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं. लेक त्यांनाच वाचवत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांना आदल्या दिवशीचं जेवण आठवलं.

"आणि त्या काय समजतील, ओवी?"

"म्हणजे?"

"कोरा निघाला म्हटलं तर त्या समजतील की इथे त्यांचं कुणी नव्हतंच. बाहेरचे म्हणतात तेच खरं. आणि तसंच समजून बेट सोडून जातील." बाई उठल्या. "माझी चूक मी सांगते. तू यंत्र लाव."

चौकाच्या दारात तेलुआआजी उभ्या होत्या. मागे त्यांची माणसं, होड्यांत, पाटाच्या कडेला, कुणी पोरांना खांद्यावर घेऊन. वृषालीबाईंनी हात जोडले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. दुभाष्याने ते आजींच्या भाषेत सांगितलं, आणि मागून कुणीतरी हुंदका दिला.

आजींनी आधी तंबूकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आपण दगडाला हात लावलात?"

"हो. डोकंही टेकलं."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर बाईंनी जन्मात कधी शोधलं नव्हतं. "आमच्याकडे... असंच करतात. जुनं काही दिसलं, कुणी घाम गाळून उभं केलेलं दिसलं, की आपोआप डोकं टेकलं जातं. संध्याकाळी दिवा लावतो. काळोखात ठेवत नाही कुणाला. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल."

दुभाष्या थांबला. आजींनी सूर्य बुडाला त्या दिशेला पाहिलं, आणि मग चौकात पाऊल टाकलं.

"जेवढे उरले असेल तेवढे वाचा."

तंबूत तिघी बसल्या. यंत्राचा दांडा दगडावरून सरकू लागला आणि पडद्यावर वरून खाली एकेक रेष उमटू लागली. काळी, काळी, काळीच, म्हणजे रिकामी. निरांजनाने काम चोख केलं होतं. वृषालीबाईंनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांना बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

मग मधोमध एक करडी कड आली. रुंदावली. पुढे सरकली. ओवी पुढे वाकली.

"थांबा," ती म्हणाली. "हे काय... आई, तू नेमकी कशी बसली होतीस?"

बाईंनी दाखवलं. असे तळवे, असं कपाळ, निरांजन या बाजूला.

"तुझी सावली." ओवीचा आवाज एकदम बारीक झाला. "ज्योतीचे किरण सगळीकडे पडले, पण तू जिथे टेकली होतीस, तुझी सावली जिथे पडली होती, तिथे नाही पडले. तिथे आठशे वर्षांत काळोखात जे साठलं, तेवढं शिल्लक आहे. जुनं जसंच्या तसं शिल्लक आहे."

पडद्यावर आता एक बाई दिसत होती. वाकलेली, दोन तळवे पसरलेले, डोक्याची सावली डावीकडे लांब पडलेली. ती कराडची वृषाली कोपर्डेकर होती. आणि त्या आकाराच्या आत, एखाद्या खिडकीतून दिसावं तसं, दुसरं काहीतरी उजळत होतं.

आधी बोटं आली. वृषालीबाईंच्या तळव्यांच्या आत दोन लहानसे तळवे, बोटं फाकवून टेकलेले. मग कपाळाच्या जागी एक गोल डोकं, दगडावर टेकवलेलं. त्यामागे अंबाडा, आणि अंबाड्यातून वर आलेली तीन दातांची फणी.

तेलुआआजींचा हात सावकाश स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. तिथे हाडाची फणी होती, तीन दातांची. बेटावरच्या सगळ्या बायका तशीच घालत.

"ती टेकली आहे," आजी म्हणाल्या. "तिने हात लावला आहे."

"आणि नुसता लावला नाही," ओवी म्हणाली. ती आता शास्त्रज्ञ म्हणून बोलत होती, पण डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती त्या पुसत नव्हती. "सावलीच्या कडा बघा, थोड्या पसरल्या आहेत. म्हणजे वर सूर्य सरकला, तरी ती उठली नाही. खूप वेळ तशीच होती. दगड बसवायला थांबलेली माणसं तिच्यासाठी थांबली असणार."

काय मागत होती ती? काम संपलं म्हणून टेकली होती, की समाधीत तिचंच कुणी होतं? ते कुठल्याच यंत्राला सांगता येणार नव्हतं. वृषालीबाईंना एवढंच कळत होतं की आठशे वर्षांच्या अंतराने दोन बायका एकाच दगडाशी, एकाच जागी वाकल्या होत्या, आणि दुसरी वाकली म्हणून पहिली उरली होती. त्यांना रडू आलं, भीतीही वाटली. एवढ्या मोठ्या गोष्टीत आपण काय म्हणून सापडलो, असं वाटलं.

"बाकीचा दगड गेला, आई," थोड्या वेळाने ओवी म्हणाली. त्यात राग नव्हता, पण ते खोटं गोड करून सांगण्याचा तिचा स्वभाव नव्हता. "तिच्या आजूबाजूला आणखी कितीजण उभे होते, ते आता कधीच कळणार नाही."

"हो," बाई म्हणाल्या. ती चुटपुट त्यांना जन्मभर पुरणार होती.

आजींनी दगडाकडे बोट केलं. "हा आता रिकामा झाला?"

"हो, आजी. याच्यात पुन्हा काही भरता येणार नाही."

"मग कशात भरता येते?"

ओवी थबकली. "नव्या दगडात. डोंगरातून ताजा फोडलेला. आतलं तोंड लाव्हा थंड झाला तेव्हापासून काळोखात असतं, काठोकाठ भरलेलं. ते उन्हात ठेवून जवळ कुणी थांबलं, आणि मग लगेच वर फरशी बसवली, तर..." तिने आजींकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य तसंच सोडून दिलं. आजींना कळलं होतं.

पुढचा आठवडा बेटावर कुणी सामान बांधलं नाही. डोंगराच्या कड्याशी पाचरी मारल्याचे आवाज घुमत राहिले. आठशे वर्षांत कुणी दगड फोडलेला नव्हता, त्यामुळे पहिले दोन भलतीकडेच फुटले आणि तिसरा एकाच्या पायावर पडता पडता वाचला. दोरखंड वळायचे कसे यावर म्हाताऱ्यांची भांडणं झाली. तराफा एकदा कलंडला तेव्हा सगळे पाण्यात पडले आणि हसून हसून बेजार झाले. ओवीने जॅक देऊ केला. आजींनी तो नको म्हटलं, आणि ओवीने वाद घातला नाही. तीही दोराला लागली. वृषालीबाई पाण्याची कळशी घेऊन फिरत होत्या, आणि लेकीच्या सोललेल्या तळव्यांना खोबरेल लावताना त्यांच्या खूप गप्पा झाल्या. मकरंदरावांच्याही झाल्या.

नवा दगड समाधीवर आणून ठेवला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. रिकाम्या दगडावर, ताजं तोंड वर करून. रात्री फोडून लगेच ओल्या गोणपाटाखाली झाकलेला तो निळसर काळा पृष्ठभाग आजींनी उघडा केला. जन्मल्यापासून पहिल्यांदा त्या दगडावर ऊन पडलं.

आजी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी तळवे टेकले, मग कपाळ. त्यांच्या घराण्यात इतक्या पिढ्यांत कुणी जे केलं नव्हतं ते करताना त्यांचे खांदे हलत होते. मग भोवतीने बाकीचे आले, जिथे जागा मिळेल तिथे हात टेकवत, ज्यांना मिळाली नाही ते मागे उभे, आपली सावली दगडावर पडेल असे. तान्ह्या पोरांचे तळवे आयांनी धरून टेकवले. पाटात भरतीचं पाणी चढत होतं.

आजींनी डोकं न उचलता हात मागे केला आणि खूण केली. वृषालीबाई मागे सरकल्या. "नको नको, हे तुमचं आहे," त्या म्हणाल्या.

"या," दुभाष्या कानात म्हणाला. "आमच्या मुलांना जेव्हा विचारतील की हे कोणी बांधले, तेव्हा ती सांगतील: आम्ही बांधले. शेवटचा दगड आमच्या तेलुआने ठेवला, आणि तिच्या शेजारी कराडच्या एक बाई होत्या."

बाईंना हसू आलं आणि रडूही. त्या आजींच्या शेजारी बसल्या आणि टेकल्या. दगड आता उन्हाने कोमट झाला होता. त्यांच्या डाव्या हाताला काहीतरी लागलं म्हणून त्यांनी डोळे किलकिले केले. ओवी होती. देवळात गेली तर चपलांजवळ उभी राहणारी त्यांची लेक सोललेले तळवे दगडावर ठेवून, कपाळ टेकवून, डोळे घट्ट मिटून बसली होती.

"आता किती वेळ बसायचं?" बाईंनी हळूच विचारलं.

"सूर्य सरकेपर्यंत," ओवी म्हणाली. "कडा पसरू दे."

मग माणसांनी दोर ओढले, वरची फरशी डुलत आली, आणि सगळे एकेक करून मागे सरले. सावल्या तेवढ्या आत राहिल्या.